मराठी माध्यमातून यूपीएससी: प्रश्नपत्रिकेपासून सुरू होणारी तयारी

केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेची तयारी बहुतेक जण पुस्तकांच्या यादीपासून सुरू करतात. कुणाकडून तरी यादी मिळते, पुस्तकं येतात, पहिल्या पानापासून वाचन सुरू होतं आणि जुन्या प्रश्नपत्रिका 'अभ्यास झाल्यावर बघू' म्हणून बाजूला पडतात. वर्षभराने त्या उघडल्या की कळतं, आपण जे पाठ केलं ते आयोग विचारतच नाही आणि जे विचारतो त्याचा आपण विचारच केलेला नाही. म्हणून माझा आग्रह एकच आहे: आधी प्रश्नपत्रिका, मग पुस्तक. आणि पहिल्या महिन्यापासून हातात पेन. मराठीतून परीक्षा देणाऱ्यांसाठी तर हे जास्तच गरजेचं आहे. त्याचं कारण माध्यमाच्या मुद्द्यावर येऊ तेव्हा स्पष्ट होईल.

आधी सांगाडा पक्का करा

पूर्व परीक्षेत दोन पेपर असतात, दोन्ही वस्तुनिष्ठ आणि एकाच दिवशी. पहिला सामान्य अध्ययनाचा, 100 प्रश्न आणि 200 गुण. दुसरा सीसॅटचा, म्हणजे उतारे, तर्क आणि गणित यांचा कल तपासणारा, 80 प्रश्न आणि 200 गुण. सीसॅट 2011 मध्ये आला आणि 2015 पासून तो फक्त पात्रतेपुरता आहे: 33 टक्के, म्हणजे 66 गुण मिळाले की पुरे. मुख्य परीक्षेला कोण जाणार हे पहिल्या पेपरवर ठरतं. पूर्व परीक्षेचे गुण पुढे कुठेही धरले जात नाहीत.

मुख्य परीक्षेत नऊ पेपर. त्यातले दोन, भारतीय भाषा (आपल्यासाठी मराठी) आणि इंग्रजी, प्रत्येकी 300 गुणांचे, पण फक्त पात्रतेसाठी. प्रत्येकी 25 टक्के गुण लागतात. उरलेले सात पेपर प्रत्येकी 250 गुणांचे: निबंध, सामान्य अध्ययन 1 ते 4 (चौथा नीतिशास्त्राचा) आणि वैकल्पिक, म्हणजे उमेदवाराने स्वतः निवडलेल्या विषयाचे दोन. एकूण 1750. त्यात मुलाखतीचे 275 मिळवले की 2025. या 2025 पैकी किती, यावर सेवा ठरते.

पात्रतेच्या इंग्रजी पेपरकडे दुर्लक्ष करणारे दरवर्षी असतात. त्यात 75 गुण मिळाले नाहीत तर बाकीच्या सात पेपरचे गुण विचारातच घेतले जात नाहीत. निबंध, उताऱ्यावरचे प्रश्न, सारांशलेखन आणि व्याकरण असा साधारण शालेय वळणाचा पेपर असतो. आठवड्यातून एक सारांश आणि एक छोटा निबंध लिहीत राहिलात तर त्याची भीती राहत नाही. मराठीच्या पेपरचाही एकदा वेळ लावून सराव करा, कारण त्यात भाषांतर असतं आणि सवय नसली की तिथेच वेळ जातो.

वयोमर्यादा आणि संधींचा हिशेब डायरीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. किमान वय 21. खुल्या आणि आर्थिक दुर्बल प्रवर्गासाठी 32 वर्षांपर्यंत 6 संधी, इतर मागासवर्गासाठी 35 पर्यंत 9, अनुसूचित जाती-जमातींसाठी 37 पर्यंत, संधींना मर्यादा नाही. नुसता अर्ज भरला म्हणून संधी खर्च होत नाही. पूर्व परीक्षेच्या एका जरी पेपरला बसलात तर ती मोजली जाते. त्यामुळे 'अनुभव म्हणून एकदा बसून बघू' हा सल्ला खुल्या प्रवर्गातल्या मुलांनी ऐकू नये. घरी वेळ लावून जुना पेपर सोडवला तरी तो अनुभव मिळतो.

राज्यसेवेचीही तयारी करणाऱ्यांना एक सोय झाली आहे. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची राज्यसेवा मुख्य परीक्षा 2025 पासून वर्णनात्मक झाली आहे आणि तिचा आराखडा यूपीएससीच्या वळणाचा आहे. उत्तरलेखनाची मेहनत आता दोन्हीकडे कामी येते.

माध्यमाचा निर्णय

मुख्य परीक्षेची उत्तरं मराठीत लिहिता येतात आणि मुलाखतही मराठीत देता येते. पण प्रश्नपत्रिका, भाषा-साहित्याचे पेपर सोडले तर, हिंदी आणि इंग्रजीतच छापली जाते. पूर्व परीक्षाही याच दोन भाषांत. म्हणजे मराठी माध्यमाचा उमेदवार प्रश्न इंग्रजीत वाचतो, विचार मराठीत करतो आणि उत्तर मराठीत लिहितो. परीक्षेच्या तीन तासांत ही ये-जा वीस वेळा करावी लागते आणि सवय नसेल तर प्रत्येक वेळी मिनिट-अर्धं मिनिट जातं.

यावर उपाय आहे, आणि तो सुरुवातीलाच करावा लागतो. जुने प्रश्न मराठीत भाषांतर करून वहीत उतरवू नका. ते इंग्रजीतच लिहा आणि त्यांची उत्तरं मराठीत लिहा. पूर्व परीक्षेसाठी पायाभूत वाचन मराठीत केलंत तरी सराव चाचण्या इंग्रजीतूनच सोडवा. सोबत एक संज्ञावही ठेवा. डाव्या बाजूला इंग्रजी संज्ञा, उजव्या बाजूला मराठी: फिस्कल डेफिसिट म्हणजे राजकोषीय तूट, रेव्हेन्यू डेफिसिट म्हणजे महसुली तूट, ज्युडिशियल रिव्ह्यू म्हणजे न्यायालयीन पुनर्विलोकन. मराठी प्रतिशब्दांसाठी राज्य शासनाच्या भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश विश्वासाचे आहेत. एका संज्ञेला एकच प्रतिशब्द ठरवा आणि शेवटपर्यंत तोच वापरा. तांत्रिक संज्ञेपुढे कंसात तिचं इंग्रजी रूप लिहायची मुभा आयोग देतो, पण ती फक्त संज्ञांपुरती. तिचा गैरवापर केला तर गुण कापले जातात, हे अधिसूचनेत स्पष्ट म्हटलेलं आहे. अर्धं वाक्य इंग्रजीत लिहिण्याची सवय असलेल्यांनी ती वेळीच मोडावी.

कोणतं माध्यम घ्यावं? ज्या भाषेत तुम्ही 250 शब्दांचं नेटकं उत्तर अकरा मिनिटांत लिहू शकता ते. हे अंदाजाने ठरवू नका. एकाच प्रश्नाचं उत्तर दोन्ही भाषांत घड्याळ लावून लिहा, असे दहा प्रश्न करा, आणि उत्तरं जाणकाराला दाखवा. मराठीतून परीक्षा देऊन दरवर्षी मुलं निवडली जातात, पण इंग्रजी टाळता येईल म्हणून मराठी माध्यम घेणाऱ्यांची फसगत होते. इंग्रजी वाचनातून सुटका कुठल्याच माध्यमात नाही.

जुन्या प्रश्नपत्रिका कशा वाचायच्या

मुख्य परीक्षेची सध्याची रचना 2013 पासूनची आहे. नीतिशास्त्राचा पेपर तेव्हाच आला आणि दोनऐवजी एकच वैकल्पिक विषय राहिला. म्हणून मुख्यच्या प्रश्नपत्रिका 2013 पासून आणि पूर्वच्या 2011 पासून आयोगाच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्या, छापा आणि शिवून ठेवा.

आता अभ्यासक्रम घ्या. यूपीएससीचा मुख्यचा अभ्यासक्रम मोजक्या पानांचा आहे आणि त्यातली प्रत्येक ओळ कामाची आहे. वहीत प्रत्येक ओळीला दोन पानं द्या. वर ती ओळ लिहा आणि खाली आजवर त्या ओळीवर आलेले सगळे प्रश्न, वर्षासह. हे काम कंटाळवाणं आहे आणि कुणीतरी छापलेला तयार संच बाजारात मिळतो. तरीही हाताने करा. दोनेक आठवड्यांच्या या कामात जे कळतं ते तयार संचातून कळत नाही. एखादी ओळ जवळपास दरवर्षी येते, एखादी चार-पाच वर्षांतून एकदा डोकावते. कुठे व्याख्या विचारतात, कुठे तुलना, कुठे मत, हेही दिसू लागतं. वित्त आयोगाचं कलम कोणतं, असं मुख्य परीक्षेत कुणी विचारत नाही. आयोगाच्या शिफारशींमुळे केंद्र-राज्य संबंधांवर काय परिणाम झाला, असं विचारतात. प्रकरण वाचायला बसताना हा फरक मनात असला की डोळे आपोआप वेगळ्या ओळींवर थांबतात.

पूर्व परीक्षेच्या प्रश्नांचंही असंच. विधानं देऊन 'यांपैकी किती विधानं बरोबर आहेत' असं विचारण्याचा प्रकार 2023 च्या पेपरमध्ये मोठ्या प्रमाणावर आला. तोवर एखादं विधान नक्की चूक आहे हे कळलं की पर्याय गळत आणि उत्तर हाती लागे. नव्या प्रकारात प्रत्येक विधान स्वतंत्रपणे माहीत असावं लागतं. त्या वर्षी खुल्या प्रवर्गाचा कटऑफ 200 पैकी 75.41 इतका खाली आला. 2020 मध्ये तो 92.51 होता. निम्मे गुणही न मिळवता पात्र ठरता येतं अशी ही परीक्षा आहे. म्हणजे सगळं येण्याची गरज नाही, जे येतं ते पक्कं येण्याची आहे.

पाया

या टप्प्यावर जास्त बोलण्यासारखं नाही, कारण इथे वाद कमी आहेत. इतिहास, भूगोल, राज्यव्यवस्था, अर्थव्यवस्था यांसाठी सहावी ते बारावीची एनसीईआरटीची पाठ्यपुस्तकं, मग प्रत्येक विषयाचं एकच प्रमाण पुस्तक. राज्य मंडळाची अकरावी-बारावीची भूगोलाची पुस्तकं मराठीतून संकल्पना पक्क्या करायला उत्तम आहेत. एका विषयाला तीन पुस्तकं घेण्यापेक्षा एकाच पुस्तकाची उजळणी पुन्हा पुन्हा करावी. नवं पुस्तक घेण्याचा मोह झाला की वहीतल्या प्रश्नांपैकी किती प्रश्नांची उत्तरं जुन्या पुस्तकातून देता येत नाहीत ते मोजा. बहुतेक वेळा नव्या पुस्तकाची गरज उरत नाही.

वर्तमानपत्राची टिपणं

चालू घडामोडींवर मुलं सर्वाधिक वेळ घालवतात आणि त्यातून सर्वांत कमी हाती लागतं. कारण बातमी जशीच्या तशी उतरवली जाते: कोण, कुठे, कधी. परीक्षेला यातलं फारसं लागत नाही.

दरडी कोसळण्याचं उदाहरण घेऊ. 30 जुलै 2014 रोजी आंबेगाव तालुक्यातलं माळीण गाव दरडीखाली गेलं. जुलै 2021 मध्ये महाडजवळच्या तळीये गावावर तीच वेळ आली आणि 19 जुलै 2023 च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर. वर्तमानपत्र वाचणारा प्रत्येक वेळी मृतांचा आकडा आणि मदतीची घोषणा टिपून ठेवतो. परीक्षेसाठी टिपण असं हवं: ही बातमी अभ्यासक्रमातल्या कोणत्या ओळीत बसते? एक नव्हे, तीन ओळींत बसते. भूगोलात दरडींची कारणं: तीव्र उतार, बेसाल्टवरचा झिजलेला मातीचा थर, थोड्या वेळात पडणारा प्रचंड पाऊस, उतारावरची खोदाई आणि सपाटीकरण. आपत्ती व्यवस्थापनात 2005 चा कायदा, जिल्हा प्राधिकरणाची भूमिका, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे दरडप्रवणता नकाशे, धोकादायक वस्त्यांच्या पुनर्वसनात जमीन आणि उपजीविका यांची अडचण. पर्यावरणात पश्चिम घाटाबद्दलचा माधव गाडगीळ समितीचा 2011 चा अहवाल, त्यानंतरचा कस्तुरीरंगन समितीचा 2013 चा अहवाल आणि दोन्हींमधला फरक. हे टिपण एका पानात मावतं. पुढची दरड कोसळली की नवं पान नको, त्याच पानाच्या समासात एक ओळ वाढवायची. अशी साठ-सत्तर पानं नीट झाली की सामान्य अध्ययन 2 आणि 3 मधल्या चालू घडामोडींचा मोठा भाग हाताशी येतो.

वर्तमानपत्राला रोज दीड तासाच्या वर देऊ नका. राजकीय पक्षांच्या कुरबुरी, गुन्हे आणि क्रीडा सोडून द्या. अग्रलेख रोज वाचा, आणि त्यातला युक्तिवाद दोन ओळींत स्वतःच्या शब्दांत लिहा. वर्षातून दोनदा थांबून आर्थिक पाहणी अहवाल आणि अर्थसंकल्प यांना स्वतंत्र वेळ द्या. सरकारी योजनांसाठी पत्र सूचना कार्यालयाची निवेदनं पुरतात.

उत्तरलेखन

तयारीचा गाभा हाच आहे. सामान्य अध्ययनाच्या पहिल्या तीन पेपरमध्ये प्रत्येकी 20 प्रश्न असतात: दहा प्रश्न 10 गुणांचे, 150 शब्दांत, आणि दहा प्रश्न 15 गुणांचे, 250 शब्दांत. वेळ तीन तास. पहिल्या प्रकाराला सात मिनिटं आणि दुसऱ्याला अकरा, असा हिशेब केला तर 180 मिनिटं नेमकी संपतात. विचार करायला वेगळा वेळ नाही. तो विचार आधीच झालेला असावा लागतो.

एक सरावाचा प्रश्न घेऊ: 'राज्यपालांच्या विवेकाधीन अधिकारांमुळे संघराज्य व्यवस्थेवर ताण येतो. चिकित्सक परीक्षण करा.' गुण 15.

उत्तरं तपासताना बहुतेकांची सुरुवात अशी दिसते: 'राज्यपाल हे राज्याचे घटनात्मक प्रमुख असतात. कलम 153 नुसार प्रत्येक राज्याला राज्यपाल असतो. त्यांची नेमणूक राष्ट्रपती करतात.' तिन्ही वाक्यं बरोबर आहेत आणि तिन्हींचा प्रश्नाशी संबंध नाही. प्रश्न विवेकाधिकाराचा आहे. तपासनिसाने तीन ओळी वाचल्या आणि त्याच्या हाती काही लागलं नाही.

आता हे बघा: 'कलम 163 राज्यपालांना काही बाबतींत मंत्रिमंडळाच्या सल्ल्याविना निर्णय घेण्याची मुभा देते. मात्र या सर्व बाबींची यादी राज्यघटनेत नाही आणि एखादी बाब विवेकाधीन आहे की नाही, याबाबत राज्यपालांचाच निर्णय अंतिम मानला आहे. ताणाचे मूळ या संदिग्धतेत आहे.' इथे कलम आलं, पण ते मुद्द्याला धरून आलं. पहिल्या परिच्छेदातच भूमिका कळली.

पुढे ताण कुठे दिसतो ते तीन ठिकाणी सांगा. सरकार स्थापन होताना किंवा कोसळताना कुणाला बोलवायचं आणि बहुमत चाचणी कधी लावायची. विधेयकांना संमती देण्यात होणारा विलंब (कलम 200). राष्ट्रपती राजवटीची शिफारस (कलम 356). प्रत्येकाला एक दाखला. बोम्मई खटल्यात 1994 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुमताचा निर्णय सभागृहातच व्हावा असं म्हटलं. नबाम रेबिया खटल्यात 2016 मध्ये न्यायालयाने मंत्रिमंडळाच्या सल्ल्याविना अधिवेशन बोलावण्याच्या राज्यपालांच्या अधिकाराला मर्यादा घातली. महाराष्ट्रातल्या सत्तासंघर्षावर 11 मे 2023 रोजी घटनापीठाने निकाल देताना राज्यपालांनी बहुमत चाचणी बोलावणं समर्थनीय नव्हतं असं नोंदवलं. शेवटचा दाखला मराठी मुलांना तोंडपाठ असतो, तरी उत्तरात तो क्वचितच येतो.

'चिकित्सक परीक्षण' म्हटलं आहे, तेव्हा दुसरी बाजूही हवी: त्रिशंकू विधानसभेत कुणीतरी निर्णय घ्यावाच लागतो, आणि विवेकाधिकार पूर्ण काढून टाकला तर अशा वेळी पेच सुटणार नाही. मग उपाय. सरकारिया आयोगाने 1988 च्या अहवालात राज्यपाल राज्याबाहेरचे असावेत, नजीकच्या काळात सक्रिय राजकारणात नसावेत आणि नेमणुकीपूर्वी मुख्यमंत्र्यांशी सल्लामसलत व्हावी असं सुचवलं होतं. शेवटी दोन वाक्यांत तुमचा निष्कर्ष. 'अशा प्रकारे राज्यपालपद महत्त्वाचे आहे' हा निष्कर्ष नव्हे. विवेकाधिकार राहावा पण त्याच्या वापराच्या अटी लेखी ठराव्यात, हा निष्कर्ष होऊ शकतो.

बोलण्याची आणि उत्तराची मराठी वेगळी ठेवा. उत्तरात 'असतं, करतं' असं लिहू नका, 'असते, करते' अशी प्रमाण लेखी भाषा हवी. वाक्यं लहान ठेवा. संस्कृतप्रचुर शब्दांनी उत्तर भारदस्त होत नाही, तपासनिसाचा वेळ मात्र जातो. जोडाक्षरं आणि वेलांट्यांमुळे देवनागरी लिहायला वेळ लागतो, म्हणून हाताचा वेग ही खरी अडचण आहे आणि ती रोज लिहिल्यानेच सुटते. अक्षर सुंदर नसलं तरी चालेल, वाचता आलं पाहिजे.

सराव कसा करायचा? पहिले दोन महिने रोज एक प्रश्न, पुस्तक समोर उघडं ठेवून. पुढचे तीन महिने रोज दोन, पुस्तक बंद करून, घड्याळ लावून. त्यानंतर आठवड्याला अर्धा पेपर आणि मुख्य परीक्षेच्या आधीच्या काळात पूर्ण तीन तासांचे पेपर, शक्यतो एका दिवसात दोन. कारण मुख्य परीक्षेत बहुतेक दिवशी सकाळ-दुपार असे दोन पेपर असतात आणि सहा तास लिहून हात भरून येतो. दोन-तीन अभ्यासू मित्रांचा गट करा आणि एकमेकांचे पेपर तपासा. दुसऱ्याचं उत्तर तपासताना स्वतःच्या चुका जितक्या स्पष्ट दिसतात तितक्या कुणी सांगूनही दिसत नाहीत. 'अजून अभ्यास झालेला नाही, मग काय लिहू' असं म्हणून लेखन पुढे ढकलू नका. ते पुढे ढकललं की पूर्व परीक्षा होते आणि मुख्यला जेमतेम तीन महिने उरतात.

पूर्व परीक्षा: अंदाज कधी करावा

चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या एक तृतीयांश गुण जातात. सामान्य अध्ययनात प्रश्नाला दोन गुण, चुकलं तर 0.66 वजा. चार पर्यायांत डोळे मिटून ठोकलं तर दीर्घ हिशेबात हाती शून्य येतं. एक पर्याय खात्रीने काढता आला तर सरासरी 0.22 गुणांचा फायदा, आणि दोन काढता आले तर 0.67 चा. म्हणजे दोन पर्यायांत अडकलेला प्रश्न सोडून देणं हा तोटा आहे, आणि काहीच माहीत नसलेला प्रश्न केवळ संख्या वाढवायला सोडवण्यात काही मिळत नाही. हा हिशेब एकदा नीट समजून घ्या, म्हणजे परीक्षेच्या खोलीत धीर सुटत नाही.

पण तुमचं 'खात्रीने काढलेलं' किती खात्रीचं असतं? हे कळायला प्रत्येक सराव चाचणीत उत्तरापुढे खूण करा: पक्कं, पन्नास-पन्नास, अंदाज. चाचणीनंतर तिन्ही गटांत किती बरोबर आले ते मोजा. पन्नास-पन्नास गटात तिसरा हिस्साही बरोबर येत नसेल तर तुमची पर्याय काढण्याची पद्धत कच्ची आहे, आणि तिथे ज्ञान कमी की वाचन घाईचं हे तपासायला हवं. चुकांची वेगळी वही ठेवा. त्यात प्रश्न लिहू नका, चुकीचं कारण लिहा: 'फक्त' हा शब्द सुटला, दोन संस्था एकमेकींत मिसळल्या, नकाशावर जागा माहीत नव्हती. महिन्याभराने ही वही वाचलीत की तीच तीन-चार कारणं पुन्हा पुन्हा दिसतील. परीक्षेच्या शेवटच्या आठवड्यात नवं काही न वाचता ही वही वाचावी.

सीसॅटमध्ये प्रश्नाला अडीच गुण. एकही न चुकता 27 प्रश्न बरोबर आले तर 67.5 गुण होतात. 15 चुका झाल्या तर तेवढ्याच गुणांसाठी 32 बरोबर लागतात. कला शाखेच्या आणि मराठी माध्यमाच्या मुलांना इथेच मोठा फटका बसतो, कारण उतारे इंग्रजी-हिंदीत असतात आणि गणित सुटलेलं असतं. सामान्य अध्ययनात कटऑफच्या वर जाऊनही सीसॅटमध्ये अडकलेली मुलं पाहिली की वाईट वाटतं, कारण ते टाळता येण्यासारखं असतं. तयारीच्या पहिल्या महिन्यात एक जुना सीसॅट पेपर सोडवा. 90 च्या खाली गुण आले तर आठवड्यातले तीन दिवस दीड-दीड तास त्यालाच द्या: टक्केवारी, गुणोत्तर, वेळ-काम, संख्या आणि रोज दोन उतारे.

वैकल्पिक, निबंध, नीतिशास्त्र

वैकल्पिकचे 500 गुण आहेत, म्हणून निवड घाईने करू नका. पदवीचा विषय, वाचनाची आवड आणि मराठीतून मिळणारं साहित्य या तीन गोष्टी बघा. मराठी साहित्याचा एक फायदा असा की तिथे प्रश्नपत्रिकाही मराठीतच येते. इतिहास, भूगोल, समाजशास्त्र, राज्यशास्त्र, लोकप्रशासन यांचा सामान्य अध्ययनाशी संबंध येतो. अमुक विषयाला यंदा गुण जास्त पडले, या ऐकीव माहितीवर विषय घेऊ नका. त्या विषयाच्या मागच्या तीन प्रश्नपत्रिका वाचा. वाचून काही प्रश्नांवर लिहावंसं वाटलं तर तो विषय तुमचा.

निबंधात 125 गुणांचे दोन निबंध असतात आणि त्यांची तयारी जवळपास कुणीच वेगळी करत नाही. महिन्याला दोन निबंध पूर्ण लिहा. आराखड्यालाच पंचवीस मिनिटं द्या.

नीतिशास्त्राच्या पेपरमध्ये 250 पैकी 120 गुण सहा प्रसंगांवर असतात. त्यात भाषण नको, निर्णय हवा: पर्याय कोणते, प्रत्येकाचे परिणाम काय, तुम्ही कोणता निवडाल आणि उद्या सकाळी पहिलं काम काय कराल. उदाहरणं आपल्या मातीतली घ्या. शाहू महाराजांनी 1902 मध्ये करवीर संस्थानात मागासांसाठी 50 टक्के जागा राखल्या. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी 1911 मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं करण्याचं विधेयक आणलं. आयसीएस अधिकारी असलेले, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांनी मुंबईच्या प्रश्नावर 1956 मध्ये केंद्रीय अर्थमंत्रिपद सोडलं. ही उदाहरणं मराठी मुलं मनापासून लिहू शकतात आणि ते उत्तरात उतरतं.

मुलाखत

दिल्लीत धोलपूर हाऊसमध्ये साधारण अर्धा तास, 275 गुण. प्रश्नांचा बराचसा भाग तुम्ही भरून दिलेल्या सविस्तर अर्जातून येतो: गाव, जिल्हा, पदवी, नोकरी, छंद. सोलापूरचा उमेदवार असेल तर उजनी धरणाच्या पाण्याचं वाटप, यंत्रमागांची अवस्था, चादरीचं भौगोलिक मानांकन, नान्नजचं माळढोक अभयारण्य यांवर प्रत्येकी पाच मिनिटं बोलता यायला हवं. छंदाच्या रकान्यात 'वाचन' लिहिलंत तर गेल्या वर्षभरात काय वाचलं हे विचारणार. मराठीतून मुलाखत देताना दुभाषा असतो. लांबलचक वाक्यं भाषांतरात हरवतात, म्हणून तुटक, स्पष्ट वाक्यांत बोलण्याचा सराव करा. माहीत नसेल तर 'माहीत नाही, सर' एवढंच पुरतं.

कुठे राहायचं, किती काळ

पुण्याच्या पेठांत किंवा दिल्लीच्या राजेंद्रनगरात गेल्याशिवाय अभ्यास होत नाही, हे खरं नाही. तिथे सोबत मिळते, अभ्यासिका मिळतात, पण घरचे पैसेही वेगाने संपतात. जाण्याआधी शासकीय पर्याय बघा. मुंबईची राज्य प्रशासकीय व्यवसाय शिक्षण संस्था, पुण्यातलं यशदाचं स्पर्धा परीक्षा केंद्र, नागपूर, कोल्हापूर, नाशिक, अमरावती आणि छत्रपती संभाजीनगरची पूर्व प्रशिक्षण केंद्रं प्रवेश परीक्षा घेऊन मुलं निवडतात. बार्टी (अनुसूचित जाती), सारथी (मराठा-कुणबी) आणि महाज्योती (इतर मागासवर्ग, भटके-विमुक्त) या राज्य शासनाच्या संस्था आपापल्या घटकांतल्या उमेदवारांना प्रशिक्षण आणि विद्यावेतन देतात. यांच्या जाहिराती वर्षातून एकदा येतात आणि मुदत थोडी असते, म्हणून संकेतस्थळं नियमित बघा, आणि जातीचं, नॉन-क्रिमीलेअर, अधिवास ही प्रमाणपत्रं आधीच काढून ठेवा. क्लास लावलाच तर तो व्याख्यानांपेक्षा उत्तरं तपासून देण्यासाठी लावा. प्रवेशाआधी त्यांनी तपासलेली एखादी उत्तरपत्रिका मागून घ्या. 'छान, अजून मुद्दे हवेत' एवढाच शेरा दिसला तर पैसे वाचवा.

शेवटी कालावधी. पूर्णवेळ तयारीला सुरुवात करतानाच घरच्यांसमोर बसून ठरवा: किती वर्षं, किती पैसे आणि त्यानंतर काय. ते कागदावर लिहा. खुल्या प्रवर्गातल्या उमेदवाराने तिसऱ्या प्रयत्नानंतर नोकरी धरून पुढचे प्रयत्न करावेत, असं माझं मत आहे. पदवीच्या विषयातलं काम, राज्यसेवा, बँक, अध्यापन, जे जमेल ते. मुख्य परीक्षेपर्यंत दोनदा पोहोचलेल्याने थांबायचं की नाही याचा निर्णय एकूण गुणांवरून घेऊ नये. आयोग पेपरनिहाय गुण देतो. ते समोर ठेवून कुठल्या दोन पेपरमध्ये वाढ शक्य आहे, हे उत्तरं तपासणाऱ्या जाणकारासोबत बसून बघावं. वाढीची जागा निबंधात किंवा नीतिशास्त्रात दिसत असेल तर नोकरी सांभाळूनही ती भरून निघते. वैकल्पिक विषयच कच्चा असेल तर पुन्हा पूर्ण वर्ष द्यावं लागेल, आणि ते देण्याची तयारी आहे का याचं उत्तर घरातल्या सगळ्यांनी मिळून द्यायचं आहे.